गॅसवाले साडू

आमचे साडू सोलापुरात राहतात, असं म्हणायची आपली एक पद्धत. खरं तर ते दोन आकाशगंगांच्या मधल्या मोकळ्या जागेत राहतात. सोलापुरात नुसते जेवायला येतात. जन्मभर कॉलेजात फिजिक्स शिकवलं, पण जीव अडकला तो त्या जागेतल्या वायूत. तो म्हणे लाखो अंश तापलेला असतो, पण इतका विरळ की हात घातला तरी भाजायचा नाही, आणि त्यातच गार वायूचे ढग तरंगत असतात. हे त्यांनी मला माझ्या मुलीच्या लग्नात, व्याही रुसून बसलेले असताना समजावून सांगितलं. आंघोळीच्या कढत पाण्यात गार पाणी सोडून दोन्ही कसं मिसळतं ते बघत बसतात. बाहेरून मेव्हणी दार बडवत असते. चहात थंड दूध घालतात आणि चहा पार निवेपर्यंत त्यातली वलयं न्याहाळतात. पण काय सांगावं, माणूस बोलायला लागला की समोरचा घास तोंडात घालायचा विसरतो!

त्यांची इच्छा एकच. आपल्याकडच्या कुणीतरी, एकदा तरी, यातला एखादा प्रश्न मनापासून विचारावा.

यंदा ज्येष्ठ नागरिकांच्या सभागृहात त्यांचं व्याख्यान ठरलं. फळा लिहिणाऱ्याला 'आकाशगंगांमधील वायू' फारच जड वाटलं असावं. त्यानं लिहिलं, 'गॅस : गरम आणि गार. तज्ज्ञांचे मार्गदर्शन'. भर मे महिन्याच्या दुपारी सभागृह खच्चून भरलं! साडू खुशीत बोलायला लागले. थोड्या वेळानं पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी विचारलं, की रात्रीची हरभऱ्याची डाळ बंद करावी का. मग खुर्च्या सरकू लागल्या. साडू बोलत राहिले, पण आवाज बारीक होत गेला.

शेवटी मी आणि मोहोळकडच्या एक आजी, एवढेच उरलो. आजींना डुलकी लागली असेल असं मला वाटलं. तर त्या म्हणाल्या, "पण एवड्या आगीत त्यो गार ढग जगतुय कसा ओ सर?"

साडू खाली उतरून त्यांच्याशेजारी बसले. "लहान असला तर विरून जातो, आजी. चांगला मोठा असला, तर भोवतालचं गरम कडेला मिसळून घेतो, गार करतो, आणि वाढतो."

"आसं हाय व्हय," आजी म्हणाल्या, आणि डोक्यावर पदर घेऊन उन्हात निघाल्या. साडू त्यांना रिक्षात बसवून आले. रिक्षा दिसेनाशी झाली तरी दारातच उभे. मी म्हटलं, चला आता. चष्मा पुसत ते म्हणाले, "थांबा हो जरा. विचारलं ना त्यांनी."