सून नापास झाली, जेवायला या

लेहच्या घाटात बर्फावरून ट्रक चालवलेला माणूस सुनेच्या स्कूटीवर मागं बसून, सीटची कड दोन्ही हातांनी आवळून इस्लामपूरला जातो, हे दृश्य गावानं आधी डोळे भरून पाहिलं, मग त्यावर विनोद केले आणि शेवटी गावाला त्याची सवय झाली. सवय झाली नाही ती लालासाहेबांना. वळण आलं की त्यांचा उजवा पाय आपोआप नसलेला ब्रेक दाबायचा.

लालासाहेब फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. मुलगा जयराज फौजेतच, राजस्थानच्या वाळूत. त्याची बायको संयोगिता बारावीचा निकाल हातात पडायच्या आधीच लग्न होऊन घरात आलेली. तिचं पोर शाळेत जायला लागलं आणि लालासाहेबांनी एक दिवस स्वतःच जाऊन इस्लामपूरच्या कॉलेजात तिचं नाव घातलं. कॉम्प्युटर सायन्स, पहिलं वर्ष. पहिल्या दिवशी वर्गातली पोरं तिला मॅडम समजून उभी राहिली. दुसऱ्या दिवसापासून ती सगळ्यांची ताई झाली.

तेव्हापासून सुभेदारांना रोज इस्लामपुरात काम निघू लागलं. आज बँक, उद्या पेन्शनचा दाखला, परवा चपलेचा अंगठा.

"आवं, एका चपलेला अंगठं तरी किती असत्यात?" बनुबाई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, विचारायच्या. संयोगिता त्यांना आत्या म्हणायची.

खरं काम परतीच्या वाटेवर असायचं. स्कूटी इस्लामपूरबाहेर पडून उसात शिरली की मागून हुकूम यायचा, "रिपोर्ट!" मग संयोगितानं त्या दिवशी वर्गात काय काय झालं ते वाऱ्यावर ओरडून सांगायचं. त्या अर्ध्या तासासाठी सुभेदार दिवसभर कॉलेजच्या आवारातल्या कडुलिंबाखाली पेपर वाचत बसत. त्यातल्या वधूवरांच्या जाहिरातीसुद्धा सोडत नसत.

त्यांचा सगळ्यांत आवडता विषय डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स. "म्हंजी सुट्ट्या वस्तूंचं गणित, आबा," संयोगितानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "ऊस मोजता येतो, रस मापावा लागतो. आमचं गणित उसाचं, रसाचं नव्हं." खुराड्यांपेक्षा कबुतरं जास्त असली तर एका तरी खुराड्यात दोन कबुतरं सापडणारच, हा त्यातला एक नामांकित सिद्धांत. तो ऐकून सुभेदार म्हणाले, "ह्यात शोध कसला? खाटा कमी अन् जवान जास्त, आमची अख्खी नोकरी त्यातच गेली." ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा शिकवल्या त्या दिवशी त्यांनी घरी येऊन भावकीचा नकाशा काढला. ठिपके भरपूर झाले, रेघा दोनच निघाल्या. कोण कुणाशी बोलतं, तेवढ्याच रेघा काढायच्या होत्या.

अडलं ते 'जर-तर'पाशी.

"आबा, 'जर अमुक झालं तर तमुक करीन' असं वाक्य घ्या," संयोगिता म्हणाली. "त्याच्या चार ओळी. अमुक झालं, तमुक केलं. अमुक झालं, तमुक नाही केलं. अमुक झालं नाही, तरी तमुक केलं. आणि दोन्ही नाही. ह्यातली फक्त दुसरी ओळ खोटी. अमुक झालंच नसंल, तर पुढं कायबी करा, वाक्य खरंच."

"झूट!" सुभेदार मागून गरजले. स्कूटी हलली. "दुश्मन दिसला तर गोळी चालवायची, ही ऑर्डर. दुश्मन न दिसता चालवली तर? कोर्ट मार्शल! अन् तुमचं सर म्हंत्यात खरं?"

संयोगितानं स्कूटी बाजूला घेतली. पंचाईत खरी होती, कारण हे तिलाही पटलं नव्हतं. वर्गात कुणालाच पटलं नव्हतं. सरांनी फळ्यावर लिहून दिलं आणि सगळ्यांनी उतरवून घेतलं, एवढंच. उसाच्या कडेला उभं राहून ती जरा वेळ विचार करत राहिली.

"दुश्मन न दिसता गोळी चालवू नका, ही दुसरी ऑर्डर असती आबा. ती मोडली म्हणून कोर्ट मार्शल. हे बघा, आत्या म्हनल्या, पाहुणे आले तर शिरा करीन. पाहुणे आले न्हाईत, तरी शिरा केला. आत्या खोटं बोलल्या?"

सुभेदारांनी हेल्मेट काढलं. "न्हाई."

"मग?"

"मग काय? शिरा खायचा."

ही गोष्ट घरी बनुबाईंना सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "पावनं न येता शिरा ह्या घरात कवा झालाय?" पण सुभेदारांच्या डोक्यात ती ओळ पक्की बसली. त्यांनी गोठ्याच्या भिंतीवर चुन्यानं चारी ओळी लिहून काढल्या. म्हशीलाही पाठ झाल्या असतील.

परीक्षा जवळ आली आणि टपरीवर भाऊसो भेटले. भाऊसो चुलत भाऊ, त्या दोन रेघांपैकी एक. "काय सुभेदार," ते म्हणाले, "सून पास हुतीया का तुमीच पेपर लिवताय?"

सुभेदार चढले. "पास झाली तर अख्ख्या गल्लीला मटणाचं जेवण घालतो! शब्द!"

शब्द संध्याकाळच्या आत घरी पोचला. संयोगिता भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. "आबा, आता गल्ली माझ्या मार्कांकडं बघत बसणार. मग माझाबी शब्द ऐका. नापास झाले तर कॉलेज बंद."

सुभेदारांनी चहाची बशी खाली ठेवली. कॉलेज बंद म्हणजे स्कूटी बंद, रिपोर्ट बंद, कडुलिंब बंद. पण स्वतः नुकताच शब्द देऊन आलेला माणूस दुसऱ्याला कोणत्या तोंडानं अडवणार?

निकाल मोबाईलवर लागला. बाकीच्या विषयांत संयोगिता झकास पास. डिस्क्रीट गेलं. इंडक्शनच्या, म्हणजे पहिल्यापासून एकेक पायरी चढत शेवटपर्यंत सिद्ध करायच्या प्रश्नानं दगा दिला होता. कॉलेजच्या हिशेबानं फार काही बिघडलं नव्हतं. एटीकेटी लागली होती, पुढच्या वर्गात बसून तेवढा पेपर पुन्हा देता येत होता. पण शब्द तो शब्द. तिनं स्कूटीवर कापड झाकलं आणि चावी खुंटीला लावली.

भाऊसो दारात हजर. "वाचलात सुभेदार. मटण वाचलं!"

सुभेदार गोठ्यात जाऊन भिंतीकडे बघत उभे राहिले. मग पिशवी घेऊन बाहेर पडले.

रविवारी सकाळी गल्लीत घरोघर आवतण गेलं. लोक हसत आले. "अभिनंदन हं काकी, सून पास झाली म्हनं!" बनुबाई दाराशी उभ्या राहून प्रत्येकाला सांगत होत्या, "न्हाई, नापास झाली. जेवायला बसा." शेजारच्या धोंडुबाईंनी तर दोनदा विचारून खात्री केली आणि मगच चप्पल काढली.

आत चुलीपाशी संयोगिता लालबुंद. धूर होताच, राग जास्त होता. "आबा, ही काय थट्टा लावलीय? शब्द पास व्हायचा हुता."

"म्या काय म्हनलो हुतो? पास झाली तर जेवण. नापास झाली तर गल्ली उपाशी ठेवीन, असं म्हनलो?"

"न्हाई."

"मग रिपोर्ट! पास झालीस?"

"न्हाई."

"जेवण घातलं?"

"घातलं."

"कंची ओळ?"

"तिसरी," ती पदरानं नाक पुसत म्हणाली. "वाक्य खरं."

"म्हंजी म्या खरा. शिरा खायचा. आता तुझं वाक्य. नापास झालीस?"

"झाले."

"अन् कॉलेज सोडलं न्हाईस तर?"

तिनं उलथनं खाली ठेवलं. "दुसरी ओळ. मी खोटी."

"तेच!" सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. "पोरी, चार ओळींत एक ओळ खोटी हाय. ती पुस्तकात कुणासाठी ठिवलीया? येवढी फौज घरात, सगळीच खरं बोलाय लागली तर ती ओळ रिकामीच ऱ्हायची. तेवढी तू घे. म्या भितीवर नाव लिवतो तुझं."

संयोगिताला हसू आवरेना. हसता हसता रस्सा उतू गेला आणि बनुबाईंनी सासू-सुनेच्या नात्याला शोभेल असा आरडाओरडा केला.

पंगत बसली. लांबच लांब. एकदम टोकाला भाऊसो. "आवं सुभेदार, हितपतूर रस्सा येनार का न्हाई?"

संयोगिता रश्श्याचं भांडं घेऊन पंगतीच्या तोंडाशी उभी होती. पहिल्या ताटात पळी पडली. पहिल्यानं दुसऱ्याकडं हात केला, "हितं वाढ." दुसऱ्यानं तिसऱ्याकडं. ती मधेच थबकली. पहिल्याला मिळालं. आणि ज्याला मिळतं तो पुढच्याला मिळवून देतो. मग शेवटच्याला मिळणारच, पंगत कितीही लांब असो.

"आबा!" ती ओरडली. "इंडक्शन!"

"काय वाढतीया?" भाऊसोंनी मान उंचावून विचारलं. "मलाबी वाढ."

सोमवारी सकाळी सुभेदार ओसरीवर पेपर उघडून बसले होते. चेहरा असा, की त्यांना इस्लामपूर नावाचं गाव आहे हेच माहीत नाही. अंगणात स्कूटीवरचं कापड निघालं. एकदा खरखर झाली, दुसऱ्यांदा इंजिन लागलं.

"आबा," बाहेरून हाक आली, "आज इस्लामपुरात तुमचं काय काम न्हाई व्हय?"

सुभेदारांनी पेपर टाकला आणि आतल्या खोलीकडं ओरडले, "आगं, माझी चप्पल कुठाय? अंगठा तुटलाय तिचा!"