तक्रार : नाही

स्वतःच्या तोंडात एकही दात नसलेल्या त्या बाईंना गिरणीच्या चाळीतली झाडून सगळी माणसं ‘दातवाल्या बाई’ म्हणायची. वय पस्तिशीच्या आतलं, अंगावर नर्सचं पांढरं पातळ, आणि तोंडात कवळी. एखादं पोर तोंड उघडेना, की बाई सरळ ती कवळी काढून तळहातावर धरायच्या. “पाह्य, म्या अख्खे दात काढून दाखोले का नाई? तुले त नुसतं आ कराचं हाये!” पोर इतकं थक्क व्हायचं की त्याचा जबडा आपोआप खाली यायचा. तेवढ्यात बाईंचा आरसा आत.

मी तेव्हा अकोल्याला विम्याच्या दवाखान्यात कारकून होतो. साठ सालच्या आसपासची गोष्ट. गिरणीकामगाराच्या पगारातून विम्याचा हप्ता कापला जाई आणि त्याला, त्याच्या बायकापोरांना आमच्याकडे औषधपाणी मिळे. दातांचे डॉक्टर महिन्यातून एकदा अमरावतीहून यायचे, दिवसभर दात उपटायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. बाई नव्यानं रुजू झाल्या, पहिल्याच महिन्यात त्यांनी ही उपटाउपटी पाहिली आणि माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. “बाबू, हे पोट्टे दुखल्यावरच येऊन राह्यले. दुखाच्या आंधी काहून नाई येत?”

“नियमात बसत नाही,” मी म्हणालो. हे वाक्य मी दिवसातून वीसदा म्हणत असे, आणि खोटं कशाला सांगू, मला ते म्हणायला आवडायचंही. विमा आजाराचा. दुखलं तर दवा. न दुखणाऱ्या दाताला कसला आलाय विमा?

बाईंनी ऐकलं नाही. दर शनिवारी दुपारी गर्दी ओसरली की त्या पोरांची रांग लावू लागल्या. आरसा, कापूस, मिठाचं पाणी आणि कडुनिंबाच्या काड्या एवढाच सरंजाम. दाढेवर काळा ठिपका दिसला की पोराचं नाव डॉक्टरांकडे. उपटायची पाळी येण्याआधी ते चांदी भरून देत. आया कुरकुरायच्या, “दुधाचे दात त पडणारच हायेत बाई, त्याईले काय पाहाचं?” काहींची अडचण वेगळीच होती. बाई चांदूर बाजारकडच्या, छप्पन सालानंतर बौद्ध झालेल्या घरातल्या. त्यांचं बोट आपल्या पोराच्या तोंडात जाणार, हे काहींच्या घशाखाली उतरत नव्हतं. पण दुसऱ्यांना काय नावं ठेवू? मी भिक्षुकाच्या घरातला. आमच्याकडे कोणाच्या हातचं पाणी चालतं आणि कोणाच्या नाही, याचे नियम दवाखान्याच्या नियमांहून जास्त होते.

एकदा मी धीर करून कवळीबद्दल विचारलं. बाई कापूस गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, “आमच्या गावात वैद्यबुवा होते जी. माणूस चांगला. पण पुडी वरूनच टाके. दात पाहाचा म्हंजे तोंडाले हात लावा लागते, अन् थो काही त्यानं लावला नाई. विशीत पू धरला, मंग सगळेच काढा लागले.” त्यात रडगाणं नव्हतं की राग नव्हता. मला मात्र मान वर करवेना.

आता वहीचं सांगतो, कारण सगळं रामायण तिथूनच घडलं. तपासणीच्या वहीत ‘तक्रार’ असा एक रकाना होता. बाई प्रत्येक पोराच्या नावापुढे तिथं ठसठशीत अक्षरात लिहायच्या: नाही. पानंच्या पानं तशी. मी म्हटलं, “बाई, ‘दातदुखी’ लिहा आणि मोकळ्या व्हा. कोण बघतंय?”

“मी पाहून राह्यली ना! पोट्ट्याले दुखत नाई, हेच त मले लिवाचं हाये.”

व्हायचं तेच झालं. वही वरपर्यंत गेली आणि बाईंना मेमो आला. तक्रार नसलेल्या मुलांवर विम्याचा वेळ आणि सामान का खर्च केलं, याचा खुलासा करावा. विम्याच्या कचेरीतले साहेब स्वतः येऊन पाहतील. बाईंची नोकरी अजून कायम व्हायची होती. गावी म्हातारी आई त्यांच्याच पगारावर. चाळीतल्या ज्या आया कुरकुरत होत्या, त्याच आता दवाखान्याच्या दाराशी येऊन विचारू लागल्या, “बाईले काढून त नाई टाकत ना जी?”

साहेब आले. वही उघडली. “तक्रार नाही, तक्रार नाही, तक्रार नाही! म्हणजे तुम्ही धडधाकट मुलं तपासता?”

“हो जी.”

मी कपाळावर हात मारून घेतला.

“अहो बाई, दुधाचे दात पडणारच असतात.”

बाईंनी पाठ फिरवली, कवळी काढली, स्वच्छ रुमालावर ठेवली आणि तो रुमाल साहेबांपुढे सरकवला. बोळक्या तोंडानंच म्हणाल्या, “माह्ये बी पडणारच हायेत म्हून कोनी पाह्यले नाईत, साहेब.” मग उपटलेल्या दातांची डॉक्टरांची वही शेजारी उघडून ठेवली. “माह्या वहीतलं एक नाव ह्या वहीत दाखवा.”

साहेब जिद्दीचे. अर्धा तास बोट फिरवत बसले. एकच नाव सापडलं, आणि तो पोट्टा चिंचेवरून तोंडावर आपटला होता!

साहेबांनी मेमो मागे घेतला आणि त्याच वहीत लिहिलं: शनिवारची तपासणी चालू ठेवावी, तक्रार नसली तरी. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. माझं ऐकून बाईंनी ‘दातदुखी’ लिहिली असती, तर वहीत नुसतं दुखणंच वाढलेलं दिसलं असतं आणि शनिवार कायमचा बंद झाला असता. माझ्या शहाणपणानं चाळीतल्या पोरांचे दात घालवले असते. एवढ्या सरकारी वर्षांत मी एकच अभिमानाची गोष्ट केली असेन, ती म्हणजे साहेबांच्या त्या ओळीखाली दवाखान्याचा शिक्का मारला.

पुढे बाई कायम झाल्या आणि बढतीवर त्यांची परतवाड्याला बदली झाली. निघायच्या दिवशी एस.टी. स्टँडवर चाळीतली पोरं जमली. हार नाही, भाषण नाही. बाई खिडकीशी बसल्या तशी पोरांनी आपली आपण रांग लावली आणि शनिवारसारखे सगळ्यांनी आ वासले. स्टँडवरचे लोक बघत राहिले. बाईंनी खिडकीतून एकेक तोंड नीट पाहिलं. “शाब्बास. तू मांगच्या दाढा घासत जाय. तू गूळ कमी खाय.”

रांगेच्या शेवटी चाळिशीतला एक कारकून उभा होता. का कोण जाणे, मीही तोंड उघडलं.

बाईंनी हात बाहेर काढला, भर स्टँडवर माझी हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडे वळवलं. भिक्षुकाच्या घरातलं तोंड ते. बाईंच्या हातात मुकाट राहिलं. “बाबू, तुमाले तक्रार हाये,” त्या म्हणाल्या. “डाव्या अंगाची दाढ. उद्याच दाखवा.”

गाडी हलली. डोळ्यांत पाणी कशाचं, म्हणून एका पोरीनं विचारलं. दाढ दुखतेय, असं मी तिला सांगितलं.