बोलकीची रजा

गल्लीत तिला सगळे बोलकी म्हणत. लहानपणी पडलेलं नाव. पुढे लग्न झालं, केस पिकायला लागले, तरी तेच राहिलं. खरं तर ती फारशी बोलायची नाही. पण आईवडील दोघंही जन्मापासून बहिरे, घरात कानांनी ऐकून तोंडाने बोलणारी ती एकटीच, म्हणून बोलकी.

अशी घरं त्या गल्लीत बरीच होती. मागच्या रस्त्याला बहिऱ्या मुलांची शाळा होती. तिथे शिकलेली मुलं मोठी झाली, आसपासच खोल्या घेऊन राहिली, त्यांची लग्नंही आपापसांत झाली. बोलकीचे वडील छापखान्यात होते, आई बुकबाइंडिंगच्या कारखान्यात. आई घरी यायची तेव्हा बोटांवर खळ वाळलेली असायची, आणि ती हातांनी बोलायला लागली की खळीचे पापुद्रे चटईवर पडायचे.

चालायला लागल्यापासूनच बोलकी कामाला लागली म्हटलं तरी चालेल. घरमालक आला की तो काय म्हणतो ते आईला सांगायचं, आणि आई काय म्हणते ते त्याला. दुकानदार, वायरमन, शेजारीण, सगळ्यांशी तीच. एकदा शाळेत बाईंनी आईला बोलावून तक्रार केली, "तुमची मुलगी वर्गात पेंगते." बोलकीने आईला हातांनी सांगितलं, "बाई म्हणतात, फार हुशार आहे." आईने बाईंच्या कपाळावरची आठी पाहिली, लेकीकडे पाहिलं, आणि घरी आल्यावर एक धपाटा घातला. ही गोष्ट बोलकी हसत हसत सांगायची. वडिलांच्या आजारपणाची मात्र कधी सांगायची नाही. डॉक्टर तिच्या डोक्यावरून भिंतीकडे बघत बोलले होते, आणि आता फार दिवस उरले नाहीत हे वडिलांना सांगायचं काम शाळकरी पोरीवर येऊन पडलं होतं. तिने सांगितलं. वडिलांनी मान हलवली आणि विचारलं, "तू जेवलीस का?"

लग्न झालं तेही पलीकडच्याच गल्लीत. नवरा बसच्या डेपोत मेकॅनिक होता, स्वभावाने शांत. बोलकी औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची, सकाळी शटर वर जायचं तेव्हापासून संध्याकाळपर्यंत. पायांच्या शिरा टरारून यायच्या. त्यात जुन्या गल्लीतलं कोणी ना कोणी दुकानात येऊन उभं राहायचंच. बँकेत फोन कर. शाळेतून काय निरोप आलाय बघ. भाडेकरू भांडतोय, जरा चल. प्रत्येक जण दोन बोटं दाखवायचा, म्हणजे दोनच मिनिटं. ती दोन मिनिटं कधी दोन मिनिटांत संपली नाहीत. नाही म्हणायला तिला जमत नसे, कारण ज्यांना नाही म्हणायचं त्यांनी तिला कडेवर खेळवलं होतं.

आई कामावरून निवृत्त झाली तेव्हा बोलकीला वाटलं, आता जरा निवांत होईल. झालं उलटंच. घरी बसायला लागल्यावर आईला गल्ली दिवसभर दिसायला लागली.

त्या भागात नळाला पाणी ठरावीक वेळीच यायचं. वेळ बदलली की पालिकेची गाडी भोंग्यावरून सांगत फिरायची. कचऱ्याची गाडीही घंटा वाजवत यायची आणि क्षणभर थांबून निघून जायची. एका उन्हाळ्यात पाण्याची वेळ पहाटेवर गेली. गाडी गल्लीतून सांगत गेली, पण बोलकी त्या वेळी दुकानात होती. दुसऱ्या दिवशी बाकीच्या गल्लीने पाणी भरून ठेवलं, आणि बहिऱ्यांच्या घरांतली पिंपं कोरडी ठणठणीत. शेजारच्या बहिऱ्या शिंपीकाकांच्या घरी तर लेक बाळंतपणाला आलेली. बाळाचे कपडे धुवायला पाणी नाही. आईने स्वतःच्या घरातला पिण्याचा हंडा उचलून त्यांच्याकडे नेऊन ठेवला, आणि परत येऊन बोलकीला म्हणाली, "मी सभेला जाणार."

वॉर्डाची सभा महिन्यातून एकदा शाळेच्या हॉलमध्ये भरायची. कोणीही यावं, आपलं म्हणणं मांडावं, असं दारावर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं. आई जाणार म्हणजे बोलकी जाणार, हे कोणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

अध्यक्ष माणूस वाईट नव्हते. त्यांनी आईला पुढे बसायला खुर्ची दिली. म्हणाले, "गाडी प्रत्येक गल्लीत फिरवली होती आम्ही. आणखी काय करणार?"

आईचे हात उठले. "गाडी मी पाहिली. वर भोंगा होता. भोंगा काय डोळ्याला लावू?"

बोलकी उभी राहून म्हणाली, "आई म्हणते, भोंग्याबरोबर कोपऱ्यावर फळ्यावर लिहून ठेवलं, तर बरं होईल."

"सूचना चांगली आहे," अध्यक्ष म्हणाले. "पण तोवर, ताई, तुम्ही आहातच ना घरात. तुम्ही सांगत जा."

बोलकीने हे आईला सांगितलं. आईच्या मानेची शीर ताठ झाली. "त्याला सांग, माझी मुलगी म्हणजे पालिकेची घंटा नाही."

बोलकी म्हणाली, "मी दिवसभर कामावर असते हो."

हॉलमधली माणसं समजूतदारपणे हसली. फळ्याचा विषय 'विचारात घेतला' गेला, आणि सभा नालेसफाईकडे वळली.

दोघी आईच्या घरी आल्या. दार लावल्यावर आई म्हणाली, "तू माझं सांगितलं नाहीस."

"सांगितलं की."

"मी बहिरी आहे, आंधळी नाही. मी जे बोलले त्यावर माणसं हसत नाहीत."

"आई, तसं बोललीस तर कोण ऐकेल?"

"नाही ऐकलं तर माझं ऐकलं नाही. आता काय झालं? त्यांनी तुझं ऐकलं, आणि तेही विसरणार."

त्यानंतर दर महिन्याला दोघी जात राहिल्या. दुकानातून थेट सभेला, पायात गोळे आलेले असतानाच. आई एकटी नसायची. शिंपीकाका यायचे, आणखी चार-सहा जण यायचे. सगळ्यांचे हात एकाच तोंडातून बोलायचे, आणि हॉलमध्ये जे जे बोललं जाई ते एकाच जोडी हातांतून त्यांच्यापर्यंत पोचायचं. नालेसफाई, दिवाबत्ती, बाजारातलं अतिक्रमण, सगळं. बोलकीच्या खांद्यांना रग लागायची. फळ्याचं उत्तर दर वेळी तेच. विचाराधीन आहे. या शब्दासाठी आईने स्वतःची एक खूण काढली होती, कानामागे हात नेऊन खाजवायचं. गल्लीत ती खूण चांगलीच रूढ झाली. नवऱ्याने स्वयंपाकाचं काय विचारलं की बायका कानामागे खाजवायच्या.

बोलकीचा नवरा एकदा म्हणाला, "तू एवढी जातेस सभेला, तुझं काही म्हणणं नसतं का?"

ती म्हणाली, "तिथे मी कुठे असते? तिथे आई असते, शिंपीकाका असतात, अध्यक्ष असतात. माझं तोंड सगळ्यांना भाड्याने दिलेलं." मग म्हणाली, "अहो, मला ना, नुसतं झोपावंसं वाटतं."

आणि एका महिन्याला ती खरंच झोपली. आईला निरोप पाठवला की ताप आहे. ताप नव्हता. दुकानातून घरी आली, चपला काढायचंही भान नव्हतं, तशीच पलंगावर आडवी झाली. जाग आली तेव्हा अंगावर चादर होती आणि चपला दाराशी नीट लावलेल्या. नवऱ्याने केलं असेल असं तिला वाटलं.

सभेत काय झालं ते तिला दुसऱ्या दिवशी भाजीवालीने सांगितलं. भाजीवाली खोकल्याचं औषध घ्यायला आली होती आणि औषध राहिलं बाजूला.

"अगं, तुझी आई उठली ना आपल्या नंबरावर. लागली हातांनी बोलायला. आम्हाला काय कळणार? अध्यक्ष म्हणाले, मुलीला घेऊन या पुढच्या वेळी, आता बसा. बाई बसेना! शिंपी उठला, मग बाकीचे उठले. सगळे उभे, नुसते उभे. एकाने पुढचा विषय काढला तर कोणाला धड बोलवेना. एवढी माणसं आपल्याकडे टक लावून बघत असली की जीभ अडखळते बघ. मागे कोणीतरी खिदळलं. मग मला राहवेना. मी म्हटलं, आधी यांचं काय ते समजून घ्या, मग माझ्या गाळ्याचं बघा. मला तरी काय घाई, सहा महिने झाले तसेही. शेवटी सभा उठवली."

बोलकीने औषध दिलं. आई तिथे आपल्याशिवाय उभी होती आणि आपण घोरत होतो, हे तिच्या मनातून जाईना.

दुपारी वॉर्ड ऑफिसचा क्लार्क दुकानात आला. जरा घुश्शातच होता. "ताई, काल आला नाहीत तुम्ही? सभा खोळंबली तुमच्यामुळे."

बोलकी गिऱ्हाइकाच्या गोळ्या मोजत होती. हात थांबला. "माझ्यामुळे?"

"मग कोणामुळे? तुम्हाला माहीत होतं ना ते लोक येणार."

"तुम्हालाही माहीत होतं." तिचा आवाज चढला नाही, तेवढीही ताकद नव्हती. "किती महिने येतायत. मी काय तुमच्या ऑफिसात नोकरीला आहे? दुभाषी आणा."

"तशी तरतूद नाही."

"मग खोळंबू दे सभा. मी येणार नाही."

हे वाक्य तोंडातून गेल्यावर ती स्वतःच दचकली. कोणाचंही न सांगता, आपलं स्वतःचं, एवढं ठाम ती कधी बोलली होती हे तिला आठवेना. क्लार्क काहीतरी पुटपुटत निघून गेला. गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, माझ्या गोळ्या."

संध्याकाळी ती आईकडे गेली आणि तापाचं खरं ते सांगितलं. आई कणीक मळत होती. हात कणकेत असल्यामुळे बराच वेळ तिला बोलताच आलं नाही. मग हात धुऊन, पुसून म्हणाली, "सभेला जाताना तुला बघायला आले होते. चपला घालून झोपली होतीस."

"मग उठवलं का नाहीस?"

आईने लेकीच्या खांद्यावर ओला हात ठेवला. काढून घेतला आणि म्हणाली, "किती वर्षांनी तुला झोपलेलं बघितलं."

पुढचे दोन महिने तसंच चाललं. बोलकी गेली नाही. आई आणि तिची माणसं जाऊन उभी राहायची. कोणी वैतागलं, कोणी वर्तमानपत्रात कळवू म्हणालं, भाजीवालीसारख्या दोघी-तिघी त्यांच्याबरोबर उभ्या राहायला लागल्या. बोलकीला मधल्या काळात धड झोपही लागेना. रजा घेतली होती, पण रजेची सवय नव्हती. तिसऱ्या महिन्यात पालिकेने बहिऱ्यांच्या शाळेतल्या एका तरुण शिक्षिकेला सभेसाठी दुभाषी म्हणून नेमलं.

बोलकी त्या सभेला गेली, शेवटच्या रांगेत बसली. आईची पाळी आली. आईचे हात उठले आणि दुभाषी बाईंचा खणखणीत आवाज माइकवरून हॉलभर गेला. "भोंगा काय मी डोळ्याला लावू?" कोणी हसलं नाही. अध्यक्षांनी चष्मा पुसला. म्हणाले, "घरातल्या ऐकू येणाऱ्यांनी थोडी मदत केली तर..."

"माझी मुलगी म्हणजे पालिकेची घंटा नाही," आवाज म्हणाला. "तिला लहानपणापासून आम्ही सगळ्यांनी वाजवलं. मीपण वाजवलं. ती दमली आहे."

माना मागे वळल्या. बोलकीचे कान तापले. इतके महिने हे वाक्य घडी घालून आत ठेवलं होतं तिने, आणि एका परक्या पोरीने ते जसंच्या तसं सगळ्यांसमोर उघडून ठेवलं. पुढचंही होतंच, जे आईने तिला स्वतःला कधी सांगितलं नव्हतं. तिला लाज वाटली, रडूही आलं. पण खरं सांगायचं तर रडण्याआधीच तिचे डोळे मिटायला लागले. पुढे गटाराचा विषय निघाला, मग बाजाराचा, आणि कोणालाही काहीही सांगायचं नसल्यामुळे बोलकी खुर्चीतच गाढ झोपली. तिला शिंपीकाकांनी हलवून जागं केलं.

फळा लागला. कोपऱ्यावर, विजेच्या खांबाजवळ. रोज त्यावर पाण्याची वेळ खडूने लिहायची असं ठरलं. लिहिणारा रजेवर गेला की दोन-दोन दिवस जुनीच वेळ राहते. मग आई ऑफिसात जाऊन टेबलासमोर उभी राहते. तिच्या उभं राहण्याची आता त्यांना धास्ती आहे. कचऱ्याच्या गाडीवर लाल दिवा बसवला होता, तो थोड्याच दिवसांत गेला. नवा विचाराधीन आहे. दुभाषी बाई बहुतेक महिने येतात, सगळे नाही. आईची त्यांच्याबद्दल एकच तक्रार आहे: त्यांचे हात फार पुस्तकी आहेत.

बोलकीच्या दुकानात अजूनही दोन बोटं दाखवत माणसं येतात. कधी ती जाते, कधी घड्याळाकडे बोट दाखवून नाही म्हणते. पहिल्यांदा नाही म्हटलं तेव्हा शिंपीकाका आठवडाभर रुसले होते.

परवा सकाळी ती कामावर निघाली होती. फळ्यापुढे भाजीवाली उभी होती. तिला वाचता येत नाही. शेजारी आई. भाजीवालीने फळ्याकडे हनुवटी उडवून "काय लिहिलंय?" असं हाताने विचारलं, आणि आईने वेळ बोटांवर दाखवली. मग उगवत्या सूर्यासारखा तळवा वर उचलला, म्हणजे पहाटे. भाजीवालीने "हात मेल्यांनो, पुन्हा पहाटे!" म्हणून कपाळावर हात मारला. आईनेही मारला.

बोलकी क्षणभर थांबली. मदत लागतेय का ते तिने पाहिलं. लागत नव्हती. पाय दुखत होते, दुकानाचं शटर वर जायची वेळ झाली होती. ती रस्ता ओलांडून पुढे गेली.