अंजनाबाईंना चटका लागत नाही

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत अंजनाबाईंचं नाव निघालं की लोक पोळीआधी त्यांच्या हातांबद्दल बोलतात. त्या लांब पोळी करतात. सैल कणकेत पुरण भरायचं, दोन्ही हातांवर झेलत झेलत पार कोपरापर्यंत लांबवायचं आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या माठावर टाकायचं. तीस वर्षं हेच. गल्लीतल्या लग्नाबारशात त्यांच्याशिवाय पान हलत नाही. भाजलेली पोळी त्या बोटांनीच उचलतात. "चटका लागत नाही का वं?" असं कोणी विचारलं की मान ताठ करून म्हणतात, "हात पक्के झाले माये. आता आगच मले भेते."

गेल्या हिवाळ्यात चुलीतला निखारा त्यांच्या पावलावर पडला. आधी मला वास आला. मग त्यांनी खाली पाहिलं आणि पीठ झटकावं तसा तो झटकला. "मावशी, तुमचे पायबी पक्के झाले," मी कौतुकानं म्हटलं होतं. मी, दातांच्या दवाखान्यात आठ वर्षं काम करणारी बाई! ते वाक्य आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

परवा बुधवारी त्या आमच्या दवाखान्यात आल्या. "मिनल, दात हालून राहिला वं. काढून टाका म्हणा म्याडमले. शुक्रवारी दोनशे पोळ्यांची ऑर्डर हाय."

डॉक्टर मुग्धा मॅडमनी तोंडात पाहिलं. एक नाही, चार दात हलत होते. हिरड्या सुजलेल्या, दाबलं की पू. मॅडमनी पक्कड उचललीच नाही. मला म्हणाल्या, "साखर तपासायचं मशीन आण."

"काहून? मले तं गोड आवडतच नाही," अंजनाबाई म्हणाल्या. "साऱ्या नागपूरले पुरण चारलं, मी चाखतबी नाही."

"न खाताही साखर वाढते, मावशी. हिरड्या अशा दिसल्या की पाहावीच लागते."

मी बोटात सुई टोचली. त्यांनी पापणीसुद्धा हलवली नाही, उलट माझ्याकडे ऐटीत पाहिलं. मशीनवर आकडा आला, चारशे अठरा.

"बिघडलं असंन तुमचं मशीन."

दुसऱ्या बोटाचं रक्त घेतलं. चारशे बावीस. दवाखान्यात तेव्हा दुसरा पेशंट नव्हता आणि मला ते बरंच वाटलं.

मॅडमनी खुर्ची जवळ ओढली. "पायांची आग होते?"

"होत होती न. दोन साल लय झाली, झोपू देत नव्हती. आता बंद झाली. काहीच औषध नाही घेतलं, आपोआप बरी झाली." अंजनाबाई खुशीत होत्या. मॅडमचा चेहरा मात्र उतरला.

"चप्पल काढा."

उजव्या पायाची करंगळी काळी पडली होती. तिच्या खाली रुपयाएवढी जखम, कडा पांढऱ्या. अंजनाबाईंनी वाकून पाहिलं, शेजारणीचा पाय पाहावा तसं. "अगं बाई! हे केव्हा झालं?"

"दात आज नाही काढायचा," मॅडम म्हणाल्या. "आत्ताच मोठ्या दवाखान्यात जायचं. मी फोन करते."

"अन् शुक्रवारच्या पोळ्या? लोकायले जबान देल्ली मी. एवढ्याशा जखमेले काय होते? दुखतबी नाही."

मॅडम वाद घालत बसल्या नाहीत. "बरं, डोळे मिटा. मी पायाच्या बोटांना हात लावते. लागला की सांगा. सांगितलंत तर शुक्रवारी पोळ्या करा."

अंजनाबाईंनी डोळे घट्ट मिटले. ही परीक्षा आपण जिंकणार, अशी खात्री त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती. मॅडम खाली बसल्या. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मनात म्हणत होते, सांगा मावशी, एकदा तरी सांगा.

बराच वेळ गेला.

"लावा न म्याडम," मिटल्या डोळ्यांनीच अंजनाबाई म्हणाल्या, "काहून थांबल्या?"

मॅडमचा दोन्ही पायांच्या दहाही बोटांना हात लावून झाला होता.