मास्तर आणि तुपाच्या साठ बरण्या

"कुठनं कुठं?"

संगणकावर नवीन ऑर्डर आली की मास्तर पहिलं हेच विचारायचे. आम्हाला नाही, पडद्याला. चष्मा कपाळावर, मान जरा तिरकी, आणि अंगठा बोटांवर असा फिरतोय, जणू हातात तिकिटांचा गठ्ठाच आहे. एसटीत चौतीस वर्षं कंडक्टर होते, त्यातली बरीच बारामती–इंदापूर गाडीवर. तुम्ही आमच्या भागातले असाल तर त्यांनी तुम्हाला एकदा तरी "सुट्टं काढा" म्हटलं असणार. कंडक्टरला आपण मास्तरच म्हणतो, तेव्हा नाव सांगत बसत नाही.

आमच्याकडं कसे आले ते ऐका. पणदऱ्यात आम्ही अकरा बायका मिळून गायीचं तूप कढवतो. भाचीनं वेबसाइट काढून दिली, ऑनलाइन पैसे घ्यायची सोय करून दिली, आणि लग्न होऊन गेली सासरी. संगणकापुढं बसायचं कोणी? मास्तरांच्या मालकीणबाई आमच्यातल्याच. त्या म्हणाल्या, "आमच्या ह्यांना न्या. घरी बसून माझ्या आमटीत मीठ किती पडतंय ते बघत बसत्यात."

महिन्याभरात सगळं शिकले. पैसे कुठल्या कार्डावरून आले, माल कुठं जायचाय, फोन कुणाचा, तिन्ही गोष्टी मोठ्यानं वाचायचे. जुळल्या की "डबल बेल!" म्हणायचे, आणि मग मी बरणी बांधायला घ्यायची.

खरं सांगू? मला हे आवडायचं नाही. दारात आलेल्या गिऱ्हाइकाला उलटं विचारणं आमच्यात अपमानच. पैसे दिलेत त्यानं, आता कशाला चौकशा?

आणि एका दिवाळीच्या तोंडावर किलोकिलोच्या साठ बरण्यांची ऑर्डर आली. साठ! पैसेही भरलेले. दिवाळीसाठी म्हणून प्रत्येकीनं साठवलेलं तूप आणलं, नातवंडांच्या पोळीवर थेंब पडू दिला नव्हता बायकांनी. आम्ही हसत-खिदळत खोकी भरतोय, आणि मास्तर म्हणतात, "थांबवा."

"का? पैसं आल्यात की!"

"आल्यात. पर कुणाचं आल्यात?" त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. कार्ड परदेशातलं. तूप जायचं पुण्याच्या एका लॉजवर. आणि पत्ता विचारायला फोन लावला तर घेणारा म्हणे, मी सोलापुरात आहे. "लॉजच्या खोलीत साठ किलो तूप कोण खातंय, ताई? असल्या कार्डाला बऱ्याचदा ओटीपीबी लागत न्हाय. ज्याचं कार्ड, त्यानं उद्या बँकेत तक्रार केली की पैसं आपल्याकडनं काढून घेत्यात. तूप तर कवाच गेलेलं असतंय."

मी तडकलेच. "मास्तर, तुमाला समद्या गाडीत चोरच दिसत्यात!" सगळ्या बायकांसमोर बोलले. आजही आठवलं की लाज वाटते.

ते नुसतं हसले. "न्हाय हो. फुकटे बक्कळ घावले, पर भरल्या गाडीत कुणाला चोर म्हणलो न्हाय. 'पाकीट घरी राहिलं व्हय? पुढच्या थांब्याला उतरा,' एवढंच."

तसाच फोन केला त्यांनी. आवाज असा, की पाहुण्याला चहा विचारतायत. "साहेब, माल तयार हाय. फकस्त कार्डावर ज्यांचं नाव हाय, त्यांचा एक फोन येऊ द्या." तिकडून आधी दमदाटी. मग म्हणे, ऑर्डर रद्द करा, आणि पैसे मी सांगतो त्या दुसऱ्या नंबरावर पाठवा, आत्ताच्या आत्ता.

"ज्या वाटंनं आलं त्याच वाटंनं जातील, साहेब. आमच्याकडं दुसरा रस्ता न्हाय."

तिकडून फोन कट. मास्तरांनी पैसे त्याच कार्डावर परत पाठवले आणि पेमेंटच्या कंपनीला सगळं लिहून कळवलं.

राहिल्या आमच्या साठ बरण्या. तूप आणायला मी सांगितलं म्हणून बायका माझ्याशी बोलेनात, मी मास्तरांशी बोलेना. तिसऱ्या दिवशी बघते तर मास्तर दोन पिशव्यांत बरण्या भरतायत, मधेमधे जुने टॉवेल कोंबून. निवृत्तांचा पास होता. बारामती, भिगवण, इंदापूर, एकेक स्टँड पालथा घातला. जुने ड्रायव्हर, वर्कशॉपवाले, कँटीनवाला, कुणाला सोडलं नाही. "आधी वास घ्या, मग बोला," म्हणायचे. वसुबारसेच्या आदल्या दिवशी शेवटची बरणी गेली.

दिवाळीनंतर कंपनीचं उत्तर आलं. कार्ड चोरलेलंच होतं. मूळ मालकानं तक्रार केली होती, आणि त्याचे पैसे त्याला पोचले होते. माफी मागायला मी मास्तरांपुढं जाऊन उभी राहिले.

"चला, सुटला बिचारा," मास्तर म्हणाले. "आता च्या टाका."

झालं. एवढ्यावर मिटवलं त्यांनी.

यंदाच्या उन्हाळ्यात मास्तर आणि मालकीणबाई लेकीकडं नाशिकला राहायला गेले. नातू झालाय. संगणकापुढं आता मी बसते. परवा एका बरणीची ऑर्डर आली. कार्ड परदेशातलं, पत्ता लोणी देवकरचा. विचारायचं तरी कसं? मास्तरांना फोन लावला. मागं बाळ टाहो फोडत होतं.

"इचारा की, ताई. खरा असंल त्याला राग येत न्हाय," म्हणाले, आणि बाळाला घ्यायला पळाले.

मी पत्त्यावरच्या नंबरावर फोन केला. एका म्हातारीनं उचलला.

"आक्का, परदेशात तुमचं कोण असतं?"

"धाकटा असतो की. का वो? काय झालं त्याला?"

"काय न्हाय, काय न्हाय. नाव काय त्याचं?"

तिनं सांगितलं. कार्डावर तेच नाव.

"त्यानं तुमाला तूप धाडलंय, आक्का."

ती हळूच म्हणाली, "मला न्हाई बोलला त्यो." आणि मग जी सुरू झाली! पोराची नोकरी, सुनेचं बाळंतपण, तिकडची थंडी. राग कसला, फोनच ठेवू देईना. कुरिअरवाला वाट बघून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी बरणी मांडीवर घेऊन लोणी देवकरला मीच गेले. मास्तर असते तर ते गेले असते.