तळ्यावरचे ओव्हरसियर साहेब

ती मुलगी दारात उभी राहिली तेव्हा मी बनियनवर होतो, आणि त्या दिवसाची लाज तिथूनच सुरू झाली. सदरा चढवून बाहेर येईपर्यंत सुनेने तिला सोफ्यावर बसवून पाणी दिलं होतं.

मुलगी रायपूरजवळच्या बीरगांवची, मराठी, वडील कारखान्यात कामाला. ती मानसशास्त्रात संशोधन करत होती. विषय असा, की बदललेल्या घराशी, गावाशी, माणसांशी माणूस आयुष्यभर कसं जुळवून घेतो. लहान मुलं, तरुण आणि म्हातारे असे वाटे पडले होते आणि तिच्या वाट्याला म्हातारे आले होते. त्यातही जुन्या रायपुरातून इकडच्या नव्या इमारतींत राहायला आलेले. आमच्या चौकीदाराने तिला थेट माझं दार दाखवलं. एवढ्या फ्लॅटांत त्याला म्हातारा म्हणून मीच दिसलो, याचाही मला राग आला.

पण विषय ऐकल्यावर मी जरा सावरून बसलो. जुळवून घेण्यात माझा हात कोण धरणार? सरकारी नोकरीत सरगुजापासून बस्तरपर्यंत बदल्या झाल्या, कुठेही कुरकुर केली नाही. छत्तीसगड वेगळं होऊन रायपूर राजधानी झालं तेव्हा भोपाळहून आलेले बाबू आमच्या ऑफिसात तोंडं पाडून बसायचे. भोपाळच्या तळ्याची आठवण काढून उसासे टाकायचे. मी त्यांची यथेच्छ टिंगल करायचो. "अरे, पाणीच आहे ना ते? आमच्याकडेही तळी आहेत, जा, बघून या!"

असा मी. त्यामुळे बायको गेल्यावर मुलाने जुन्या रायपुरातल्या तात्यापाऱ्यातलं भाड्याचं घर सोडून तेलीबांध्याला तळ्याजवळ फ्लॅट घ्यायचं ठरवलं, तेव्हा मी छातीठोकपणे हो म्हणालो. मुलाचं ऑफिस नव्या रायपूरला गेलं होतं, त्याला इथून सोयीचं होतं. "माझं काय," मी म्हणालो होतो, "मी कुठेही राहीन."

नाही राहता आलं. लिफ्टमध्ये लोक मोबाइलमध्ये बघत उभे राहायचे. खाली बाकावर बसलो तर कोणी तरी इंग्रजीत 'गुड मॉर्निंग अंकल' म्हणून पळत सुटायचं. तात्यापाऱ्यात मी दात घासत दारात उभा राहिलो तरी चार जणांशी भांडण होऊन जायचं. इथे भांडायलाही कोणी नव्हतं. हे मुलाला सांगायचं कसं? ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या रडक्या तोंडांवर विनोद केले, त्याने म्हातारपणी जेवणाच्या टेबलावर बसून 'मला करमत नाही' म्हणायचं?

म्हणून रोज संध्याकाळी मी 'तळ्यावर फिरायला जातो' असं सांगून निघायचो आणि तळ्याकडे न बघता ऑटो पकडून जयस्तंभ चौकात उतरायचो. तिथून पायी तात्यापारा. आमच्या घराच्या खालच्या खोल्यांत आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान झालं होतं. मी दुकानदाराला विचारायचो, "माझं काही टपाल आलं काय?" तो मान हलवायचा. मला कोण टपाल पाठवणार होतं? पण काही तरी कारण घेऊन गेलेलं बरं दिसतं. मग समोर बंद पडलेल्या पिठाच्या चक्कीच्या ओट्यावर थोडा वेळ बसायचं, आमच्या खिडकीकडे बघायचं आणि परत यायचं. ओळखीचे बहुतेक गेले होते, कोणी मुलाकडे, कोणी कायमचे. तरी ओटा ओळखीचा होता.

घरी एकदा मुलाने विचारलं, "तळ्यावर कोणी ओळखीचं झालं काय, बाबा?" आणि माझ्या तोंडून ओव्हरसियर साहेब निघाले.

बांधकाम खात्यातले निवृत्त ओव्हरसियर, मूळचे जबलपूरकडचे, हातात काठी, डायबेटीस असून गोडाचा हावरटपणा, आणि बोलायला लागले की थांबणं नाही. असा कोणी माणूस तळ्यावर नव्हता. पण त्या रात्री जेवताना मुलगा त्यांच्यावर हसला, मलाही हसू आलं, आणि मग मी त्यांना सोडूच शकलो नाही. त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन केलं. त्यांचं सुनेशी भांडण लावून दिलं, मग मिटवलं. एकदा तर ऑटोत बसल्या बसल्या 'आज ओव्हरसियर काय बोलले असतील' याचा विचार करताना मी स्वतःशी हसलो, आणि ऑटोवाल्याने वळून बघितलं. तोंड कुठे लपवू असं झालं मला.

तर ती मुलगी माझ्यासमोर कागद घेऊन बसली. प्रश्न छापील हिंदीत होते, ती ते मराठीत सांगायची. शेजारपाजारच्यांशी बोलणं होतं काय? मनातलं सांगायला कोणी आहे काय? नव्या जागेत परकं वाटतं काय? उत्तर तीनच प्रकारांत द्यायचं, 'हमेशा', 'कभी-कभी' किंवा 'कभी नहीं'. मी जे चांगलं दिसेल ते ठोकून देत गेलो. मित्र? आहेत की. ओव्हरसियर साहेबांची सगळी कथा सांगितली, काठीसकट. सून दाराशी मटारच्या शेंगा सोलत बसली होती.

मुलगी लिहायची थांबली. "अंकल, एकाही प्रश्नाले 'कभी-कभी' नाही?"

"नाही. मी पहिल्यापासून असाच आहे," मी म्हणालो. नात शोभेल अशा पोरीसमोर मी खोटं बोलत होतो आणि वर ऐट मारत होतो.

मग ती म्हणाली, "आता हेच प्रश्न घरातल्या एका माणसाले विचारायचे आहेत. आमच्या मॅडमचा नियम आहे. या वयातले लोक स्वतःबद्दल सगळं चांगलंच सांगतात, म्हणून." आणि सुनेकडे वळून, "दीदी, आपण आत बसू काय?"

सुनेला काय माहीत असणार, असं मी मनाला समजावत होतो.

सून मान वर न करता म्हणाली, "आत कशाले? जे सांगायचं ते बाबांच्या समोरच सांगते ना मी."

आणि ती सांगू लागली. हो, बाबा रोज तळ्यावर जातात. हो, तिथे त्यांचा मित्र आहे.

"तुम्ही पाहिलं काय त्यांना?" मुलीने विचारलं.

"पाहिलं म्हणजे?" सून शेंग सोलत म्हणाली. "परवाच घरी येऊन गेले ना ते. बिनसाखरेचा चहा दिला मी. तरी जाता जाता डब्यातला बेसनाचा लाडू उचललाच त्यायनं. काठी इथंच विसरून चालले होते, मी मागून नेऊन दिली."

मुलगी हसली, लिहून घेतलं. मी खिडकीबाहेर बघत बसलो. माझ्या ओव्हरसियरला तिने लाडू खाऊ घातला होता. तिला सगळं माहीत होतं. कधीपासून कोण जाणे, रोज रात्री मी थापा मारत होतो आणि ती ताटात भात वाढत ऐकत होती. माझे कान-नाक तापले. चोरी पकडली जाते तेव्हा निदान कोणी ओरडतं, इथे तर ती माझ्या चोरीला हातभार लावत होती. मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं.

मुलगी आभार मानून गेली. सून कप उचलू लागली.

"तुले केव्हापासून माहीत आहे?" मी विचारलं.

"गणपतीच्या आधी. मी मसाला घ्यायला गेली होती तात्यापाऱ्यात. तुम्ही चक्कीच्या ओट्यावर बसून होते."

"मग हाक काहून नाही मारली?"

तिने कप पुन्हा खाली ठेवले. "तुम्ही रुमालानं डोळे पुसून राहिले होते, बाबा."

ते मला आठवत नव्हतं. म्हणजे मी तिथे रडत होतो आणि मलाच ते ठाऊक नव्हतं. भर रस्त्यावर, मोबाइलच्या कव्हरांच्या दुकानासमोर.

"त्याला सांगितलं?" मी मुलाबद्दल विचारलं.

"नाही. तुमचं तुम्ही सांगाल, म्हटलं."

त्या संध्याकाळी मी खरोखरच तळ्यावर गेलो. ऑटोवाला ओळखीने थांबला, त्याला नको म्हटलं. तळ्याकाठी भरपूर म्हातारे होते, जोडीने चालणारे, टाळ्या वाजवत व्यायाम करणारे. एका बाकावर काठीवाले एक गृहस्थ एकटेच होते. मी जवळ जाऊन बसलो आणि पाण्याकडे बघत राहिलो. थोड्या वेळाने ते उठून गेले. भोपाळचे ते बाबू आठवले मला. त्यांच्यातला एक जण मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाशी येऊन नुसताच उभा राहायचा. मला वाटायचं, फाइल मागायला आलाय.

रात्री जेवताना मुलगा नेहमीप्रमाणे म्हणाला, "मग बाबा, ओव्हरसियर साहेब काय म्हणतात?"

सुनेचा पळीवाला हात थांबला. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

"गेले ते," मी म्हणालो. "मुलाकडे राहायला गेले. आता यायचे नाहीत." खरं सांगायची ती वेळ होती, आणि तेवढी हिंमत तरीही झाली नाही.

"अरे! मग तुम्हाला एकटं वाटेल आता," मुलगा म्हणाला, अगदी सहज.

सून वरण वाढत म्हणाली, "उद्यापासून मी येईन बाबांसंग. मलेही घरात बसून कंटाळाच येते. आधी तात्यापाऱ्यात जाऊ, मसाला संपला आहे. मग तळ्यावर."

नको म्हणायला पाहिजे होतं. संध्याकाळी तिला स्वयंपाक, नातीचा अभ्यास, शंभर कामं. कोणत्याही भल्या माणसाने नको म्हटलं असतं. पण माझ्या तोंडून "हव" निघालं ते तिचं वाक्य पुरतं संपायच्या आधी, आणि इतक्या मोठ्याने, की नातीने मोबाइलवरून डोळे वर करून माझ्याकडे पाहिलं.