आरसेमिस्त्रींच्या बंद खिडक्या

त्यांना सगळे आरसेमिस्त्री म्हणत. त्यांनी पॉलिश केलेल्या टेबलात वाकून बघितलं की दातात अडकलेलं शीतसुद्धा दिसायचं, अशी ख्याती. ती टिकवायची तर एकच हट्ट: पॉलिशचा हात मारायला घेतला की खिडक्या बंद, पंखा बंद. ओल्या पॉलिशवर धुळीचा कण बसला तर मिस्त्रींचा जीव कासावीस व्हायचा. मग पॉलिशमधल्या थिनरच्या वासाने डोकं गरगरो की डोळे चुरचुरोत. संध्याकाळी त्याच थिनरने हात धुऊन स्वारी घरी.

लेक हाताखाली आली तेव्हा तिलाही त्यांनी हसत सांगितलं, "पहिले काही दिवस चढतं गं, मग अंगवळणी पडतं."

पोरीचा हात बापासारखाच हलका. मिस्त्री मनातून हरखले होते. पण एक गोष्ट ते लपवत होते. त्यांची बोटं बधिर झाली होती. घासलेलं लाकूड गुळगुळीत झालं की नाही, हे हाताला कळेना. मग लेकीला म्हणायचे, "बघ जरा, जमलंय का?" जणू परीक्षा तिचीच चालली आहे.

बायको कुठली फसायला! "जगाला आरसा दाखवता, आणि शर्टाची बटणं मी लावायची!" असं म्हणत तिने त्यांना दवाखान्यात ओढत नेलं.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, कामाचं सगळं खोदून विचारलं. म्हणाल्या, "थिनरची वाफ श्वासातून आत जाते, कातडीतूनही थिनर मुरतं. नसा खराब होतात. आता जपलंत तर थोडंफार सुधारेल. सगळं सुधारेल, असं सांगत नाही."

"आणि शेजारी बसून काम करणाऱ्याचं?" मिस्त्रींनी विचारलं.

"खोली एकच ना? मग हवाही एकच."

मिस्त्री बाहेरच्या बाकावर येऊन बसले. धूळ आत येऊ नये म्हणून आपण पोटच्या पोरीला त्या वासात कोंडलं! त्यांना स्वतःचा भयंकर राग आला. बायको शेजारी बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या एका मोठ्या टेबलाला शेवटचा हात द्यायचा होता. लेक सवयीने खिडकी लावायला गेली.

"राहू दे उघडी."

"बाबा, धूळ बसेल!"

"बसू दे. आणि हे रबरी हातमोजे घाल. हात धुवायचे ते साबणाने, पॉलिश निघो न निघो."

वारा आला, त्याच्याबरोबर धूळही आली. टेबल वाळल्यावर मिस्त्रींनी त्यावरून हात फिरवला. त्यांना काहीच कळलं नाही.

"कसं झालंय?"

लेकीने हातमोजा काढून बोटं फिरवली आणि तोंड वाकडं केलं. "खरखरीत. इथे बघा, आणि इथेही. नाव जाईल तुमचं."

"तुझ्या हाताला कळतंय ना?"

"कळतंय तर काय!"

"मग झालं तर," मिस्त्री म्हणाले, आणि दुसरी खिडकी उघडायला उठले.